वारग्यांचा काष्टा

झाशीत मुलगी झाली की बारशाच्या आधीच तिची तलवार ठरलेली असते. पुठ्ठ्याची, वर चांदीचा कागद चिकटवलेली. मी मूळचा मिरजेचा. नोकरीसाठी इकडच्या कारखान्यात आलो आणि इथल्याच जुन्या मराठी घराण्याचा जावई होऊन बसलो, त्यामुळे हा प्रकार मला लेक झाल्यावर कळला. आमची इरा पायावर उभी राहिली त्याच वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत, वेशभूषा स्पर्धेत, ती राणी झाली. त्यानंतर दर वर्षी राणीच होत गेली. दात पडलेली राणी, गालगुंड झालेली राणी, चष्मा लागलेली राणी. राणीबद्दल माझ्या मनात संपूर्ण आदर आहे हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. या गावात ते सांगून ठेवलेलं बरं असतं.

गेल्या वर्षी इरा स्टेजवर गेली आणि ते प्रसिद्ध वाक्यच विसरली. पण तिच्यावाचून काही अडलं नाही. सगळ्या हॉलने तिच्या वतीने ते वाक्य म्हटलं, दारातल्या चौकीदाराने सर्वांत मोठ्याने म्हटलं, आणि इरा तोंड न उघडता पहिला नंबर घेऊन खाली आली. मी खुळ्यासारखे पेढे वाटले. यंदा श्रावण लागला आणि तिने जाहीर केलं, "पापा, यंदा मी राणी नाही होणार."

"का गं?"

"मैं कुछ बोली ही नहीं, फिर भी फर्स्ट. म्हणजे तिथे मी नव्हतेच ना. कोणालापण उभं केलं असतं तरी चाललं असतं. सब तलवार देखते हैं."

तेरा वर्षांची मुलगी हे इतक्या शांतपणे बोलली की मला राहवलं नाही. आणि राहवलं नाही की मी शब्द देऊन मोकळा होतो, ही माझी जुनी खोड आहे. "यंदा तू तुझं काय ते हो. हॉलमध्ये एकही माणूस तुला राणी म्हणणार नाही, हा माझा शब्द," मी म्हणालो. आतून मुग्धा म्हणाली, "आपण कुठल्या गावात राहतो ते आठवतंय ना?" ती माझी बायको, आणि या गावात तिच्या सात पिढ्या गेल्या आहेत. तिच्या बोलण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

इराचं 'काय ते' तयारच होतं. गेली दोन वर्षं ती जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर एक देश काढते आहे. त्याचं नाव इलवार. त्यात डोंगर आहेत, खारी तळी आहेत, नकाशाच्या कोपऱ्यात एक न संपणारा पूल आहे, आणि तीन जातींची माणसं आहेत. पठारावरचे वारगे, तिथे वारा कधी थांबतच नाही. दलदलीतले ओलके; तिथे पाऊस जमिनीतून वर जातो. आणि बर्फातले थिजे. तिथे एकट्या माणसाला ऊब पुरत नाही म्हणून दोघं मिळून एकच कपडा घालतात. कारखान्याच्या हजेरीपटावर शोभतील अशी ही नावं मला फार आवडली. कपडे मात्र तिने काढले नव्हते. "कपडे हवेवरून ठरतात, पापा. वो आप सोचो. तुम्ही इंजिनिअर आहात."

असं मला ऑफिसातही कोणी म्हणत नाही. मी गुणवत्ता तपासणी विभागात आहे. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूतली चूक काढणं हे माझं काम, आणि आता मला स्वतः काही तरी करायचं होतं. मी कंबर कसली.

पहिला खोडा अर्जावर बसला. मंडळाचे चिटणीस रत्नाकर माझ्याच कारखान्यातले, शेजारच्याच क्वार्टरमधले, पण अर्ज हातात आला की ओळख दाखवत नाहीत. स्पर्धेचे गट चार होते: ऐतिहासिक, पौराणिक, राष्ट्रीय नेते, आणि फळे व भाज्या.

"वारगे कशात बसतात?" त्यांनी विचारलं.

"कशातच नाही. ते काल्पनिक आहेत."

"काल्पनिक गट नाही. फार तर भाज्यांत घालतो."

"वारगे भाजी नाहीत, रत्नाकरराव. त्यांना नकाशा आहे."

"नकाशा आहे? मग ऐतिहासिक," असं म्हणून त्यांनी खूण केली. वर, पुरावा मागितला तर नकाशा जवळ ठेवा, असा सल्लाही दिला.

मी वारग्यांपासून सुरुवात केली. पूर्वग्रह नको, इतर कुणाचे कपडे डोळ्यांपुढे नकोत, फक्त वारा आणि माणूस, एवढंच धरून विचार करायचा असं ठरवलं. वाऱ्यात घोळदार कपडा फडफडतो आणि पायात येतो. तेव्हा तो दोन पायांमधून मागे न्यावा आणि कमरेला खोचावा. पदर उडतो, म्हणून तो खांद्यावरून घेऊन कमरेला आवळावा. केस डोळ्यांत जातात, म्हणून डोकं कापडाने घट्ट बांधावं. वाऱ्यात तोल सांभाळायला हातात काहीतरी लांब असावं. टप्प्याटप्प्याने, कुठेही उडी न मारता मी हे सगळं कागदावर काढलं. मुग्धाची जुनी चादर घेऊन इराला तसं नेसवलं, हातात पडद्याची दांडी दिली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

समोर राणी उभी होती.

माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. नेमके त्याच वेळी माझे सासरे नाना दारातून आत आले. विद्याधरराव नाना म्हणजे या गावातल्या जुन्या मराठी मंडळींचं शेवटचं न्यायालय. त्यांनी इराकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "वा, सुबोधराव. यंदा बाईसाहेब अगदी हुबेहूब उतरल्या आहेत." नानांच्या घरात राणीला अजून बाईसाहेब म्हणतात, जणू त्या आत्ताच शेजारच्या खोलीत गेल्या आहेत. इराने पडद्याची दांडी भिंतीला टेकवली आणि ती आत गेली.

एवढ्यावर हार मानणाऱ्यांतला मी नव्हे. वारगे बाजूला ठेवून मी ओलक्यांकडे वळलो. पाऊस खालून येत असेल तर छत्री डोक्यावर धरून उपयोग नाही, ती कमरेला हवी. मी वेताच्या काड्यांचा घेर केला, त्यावर मेणकापड ताणलं आणि पाणी वाहून जावं म्हणून पुढे आणि मागे पन्हाळीसारखा उतार दिला. पुढचा उतार वर उचललेला, मागचा खाली झुकलेला. आतून चालता यावं म्हणून कडा पायांपर्यंत सोडल्या. या वेळी खोचणं नव्हतं, फेटा नव्हता, दांडीसुद्धा नव्हती. मी फार खूश होतो.

इरा ते घालून अंगणात आली तेव्हा कुंपणापलीकडून रत्नाकररावांच्या सौभाग्यवती रजनीवहिनी कौतुकाने म्हणाल्या, "अगं बाई, यंदा घोड्यावर?" मी पुन्हा पाहिलं. इकडे वरातींतून कमरेला कापडी घोडा बांधून नाचणारे लोक असतात. माझ्या पन्हाळीची पुढची बाजू म्हणजे त्या घोड्याची मान होती आणि मागची म्हणजे शेपूट. वहिनींनी आपणहून लगामाला नाडी आणून दिली.

राहिले थिजे. इथे तर धोकाच नव्हता. दोन गळे असलेला एकच अंगरखा, त्यात दोन माणसं. राणी एकटी, थिजे दोन. दुसरं माणूस म्हणून रजनीवहिनींची तारा उसनी घेतली. तारा बालवाडीत जाते. इरा पुढे आणि तारा मागे अशी दोघी दिवाणखान्यात फिरू लागल्या आणि मी समाधानाने चहा घेऊ लागलो. थोड्या वेळाने तारा कंटाळली, "दीदी, पैर दुख रहे," असं म्हणून इराच्या पाठीवर चढली आणि तिच्या खांद्यावर मान टाकून झोपून गेली. तेव्हाच माझ्या सासूबाई, सुहासिनीबाई, मोदकांची पिठी घेऊन आल्या. पाठीशी बांधलेलं मूल बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि इराच्या पायांवर डोकं ठेवायला वाकल्या. मुग्धाने त्यांना वेळीच धरलं.

खरं सांगतो, त्या दिवशी माझा आत्मविश्वास पार खचला. दोन पाय, कंबर, डोकं आणि पाठ एवढंच तर माणसाचं शरीर. त्यातला एकही भाग असा उरला नव्हता की जिथून या गावाला राणी सापडत नव्हती. मी इराला म्हणालो, "आपण सरळ भोपळा होऊ या का? त्या गटात स्पर्धक पण कमी असतात."

इराने चष्मा पुसला. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती माझ्यापेक्षा हट्टी निघाली. "वारगेच करू, पापा. वाऱ्यात काष्टाच लागतो तर लागतो. मी वारा थोडीच बदलणार. बस, किनारीला दगड शिवायचे. वारगे शिवतात, उडू नये म्हणून. दगड तर राणीच्या साडीला नव्हते ना?"

नव्हते. मला एकदम हुरूप आला. दगड हवे होते गोल, लहान, नदीतले. बेतवा इथून ओरछ्याला अर्ध्या तासावर आहे. पण नाना म्हणाले, गोटे त्याच नदीवरच्या, लांबच्या एरच गावचेच, आमचे पूर्वज एरचला होते, तिथल्यासारखे गोटे कुठे नाहीत. त्यांचे पूर्वज तिथे वसुली करत होते की गोटे वेचत होते हे विचारायची जावयाला सोय नसते. मी रविवारी बस पकडली. चिरगावला बस थांबली ती चालकाचं जेवण होईपर्यंत थांबली. एरचला उतरून मी गोटे वेचले, आणि नदीकाठची माणसं कशी राहतात तेही बघून घ्यावं म्हणून नावाड्याकडे गेलो. त्याने परदेशी फुटबॉल संघाची जर्सी घातली होती. परतताना कंडक्टरने पिशवी उचलून पाहिली आणि गोट्यांचं वेगळं तिकीट फाडलं. घरी आल्यावर नानांनी एक गोटा उजेडात धरला आणि म्हणाले, "बरे आहेत. पण मग ओरछ्याहूनच का नाही आणलेत?"

शिवणकाम सदर बाजारातल्या जयसिंग मास्तरांना दिलं. छावणीतल्या फौजींच्या वर्द्या शिवण्यात त्यांचा जन्म गेला आहे. मी त्यांना वारा, पठार, गोटे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. आणायला गेलो तर कपड्याला खांद्यावर पट्ट्या होत्या, छातीवर झाकणाचे खिसे होते आणि कमरेला डाव्या बाजूला एक मजबूत फास होता.

"हा कशाला, मास्टरजी?"

"काय साब, तलवार कहाँ टाँगोगे? जे तो रानी साहिबा की डिरेस है. हम तो देखतई समझ गए थे."

मी तो फास तिथेच उसवून घेतला. पट्ट्या राहिल्या. इराने सांगितलं की वारग्यांत जबाबदार माणसाला पट्ट्या असतात, आणि मला जरा बरं वाटलं.

स्पर्धेच्या संध्याकाळी आम्ही हॉलच्या दाराशी पोचलो तर चौकीदाराने इराला अडवलं. किनार खुळखुळत होती. त्याने चाचपून पाहिलं आणि तो गंभीर झाला. "पत्थर अंदर नहीं जाएँगे, साहब. गणपती के टाइम का आर्डर है."

"भैया, ये कपड़े का हिस्सा है. हवा के लिए."

"हॉल में तो पंखे हैं," तो म्हणाला. मी नकाशा दाखवला. रत्नाकररावांना बोलावलं. त्यांनी नियमांचा कागद वाचला आणि चौकीदाराचं बरोबर आहे असं सांगून ते आत निघाले. मी त्यांना शेवटचं म्हणून विचारलं की निदान हातात 'ही राणी नाही' अशी पाटी धरली तर चालेल का. ते माघारी वळले. "झाशीत? अशी पाटी धरून पोरगी उभी करता? उद्या आपल्याला मंडळ कुलूप लावून मिरजेला जावं लागेल, सुबोधराव."

एरचचे गोटे चौकीदाराच्या स्टुलाखाली गेले. मुग्धा गणपतीच्या मागे गेली आणि पूजेच्या सुपाऱ्यांची पुडी घेऊन आली. ती आणि सासूबाई चपलांच्या ढिगाशेजारी बसल्या आणि त्यांनी भराभर किनारीत सुपाऱ्या भरून टाके घातले. ही शिवण तपासायला माझ्याकडे कोणी दिली असती तर मी परत पाठवली असती.

आत राण्यांची रांग चालू होती. छोट्या, मोठ्या, एक झोपलेली. मधे एक टोमॅटो आला आणि गेला. मग रत्नाकररावांनी माइक घेतला. मी त्यांना चिठ्ठीवर 'इलवार देशातली वारगी' असं मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं. त्यांनी चिठ्ठी पाहिली, मग पडद्यातून बाहेर येणारी इरा पाहिली, आणि इतक्या वर्षांची सवय त्यांच्या तोंडून बोलून गेली, "आणि आता येत आहेत, आपल्या सर्वांच्या लाडक्या, झाशीच्या..."

पुढचं हॉलने पुरं केलं. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून ते वाक्य सुरू झालं आणि लाटेसारखं पुढे आलं. इरा स्टेजच्या मधोमध तशीच उभी होती, गेल्या वर्षी होती तशी, ओठ मिटून. मी दिलेला शब्द माझ्या डोळ्यांदेखत मोडत होता. मला इतकी शरम वाटली की मी खुर्चीवरून उठलो, वर जाऊन माइक हिसकावून घेणार होतो. मुग्धाने माझा शर्ट मागून धरला. "बसा. तिचं ती बघेल."

इराने थांबवण्यासाठी हात वर केला. त्याबरोबर कपडा ताणला गेला, घाईचे टाके सुटले आणि सुपाऱ्या टपाटप स्टेजवर पडून चारी दिशांना घरंगळल्या. इराने खाली पाहिलं. मग तिने पटकन माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि मराठीत, सावकाश, शब्द शोधत म्हणाली, "माझे गोटे सांडले. आता मी उडून जाईन. मला कोणीतरी धरा."

पहिल्या रांगेत रजनीवहिनी होत्या. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या उठल्या आणि त्यांनी स्टेजच्या कडेवरून हात घालून इराचा घोटा घट्ट धरला. "धरलंय गं. पण उडशील कशाने?"

"आमच्याकडे वारा थांबत नाही," इरा म्हणाली. "म्हणून आम्ही किनारीत दगड शिवतो. म्हणून काष्टा."

मागून एकाने आवाज दिला, "पर बेटा, तू रानी है ना?"

"नाही. आमच्याकडे राणी नसते. वाऱ्यात मुकुट टिकत नाही."

हे उत्तर हॉलने जरा वेळ तोंडात घोळवलं. आमच्या मंडळात निम्मे लोक पेशव्यांच्या काळच्या कारभाऱ्यांच्या वंशातले आणि निम्मे सरकारी नोकरीतले. राणी नाही म्हटल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. मग कारभार कोण पाहतं, असा पहिला प्रश्न आला. ज्याच्या किनारीत सर्वांत जड दगड तो, कारण तोच जागेवर असतो, इरा म्हणाली. यावर कारखान्याच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. चूल विझत नाही का? चूल खड्ड्यात. कपडे वाळत कसे घालतात? घालत नाहीत, अंगावरच वाळतात. पोरं उडून गेली तर? इरा म्हणाली, "जातात कधी कधी. मग पुढच्या गावचे लोक धरून ठेवतात, आई येईपर्यंत." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. रत्नाकरराव वेळ संपल्याची घंटा हातात धरून उभे होते, ती वाजवायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. एवढं मराठी इरा आमच्या घरातही एका दमात कधी बोलली नव्हती. अडली तिथे हिंदी घालत होती, पण थांबत नव्हती. मी खाली वाकून खुर्चीपर्यंत घरंगळत आलेल्या सुपाऱ्या वेचू लागलो.

मग नाना उठले. हॉल आपोआप शांत झाला, कारण नाना उठले की निकाल लागतो. ते काठी टेकत स्टेजपाशी गेले, त्यांनी इराला नीट खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि ज्या आवाजात ते परगावच्या पाहुण्यांशी बोलतात त्या आवाजात विचारलं, "बाळ, आम्हाला उद्या तुमच्या मुलुखात यायचं झालं, तर काय घालून यावं?"

रजनीवहिनींनी इराचा घोटा अजून सोडला नव्हता.

"जे घालता तेच घालून या," ती म्हणाली. "बाकीचं वारा शिकवतो."

नानांनी मान हलवली. ते परत येऊन माझ्या शेजारी बसले, मग पुन्हा अर्धवट उठले, आणि धोतराचा सोगा उचलून त्यांनी तो कमरेला घट्ट खोचून घेतला.